कोपेश्वर पहिल्यांदा पाहताना: खिद्रापूरच्या देवळाची जोत्यापासून छतापर्यंत ओळख

खिद्रापूरला कोपेश्वर हे शंकराचं जुनं देऊळ पाहायला येणारे बरेच जण गाडीतून उतरले की तडक स्वर्गमंडपात, म्हणजे मधोमध उघडं छत असलेल्या पुढच्या मंडपात शिरतात. मान वर करून आकाशाचा तो गोल तुकडा बघतात, फोटो काढतात, गाभाऱ्यात हात जोडतात आणि अर्ध्या तासात परतीच्या वाटेला लागतात. ते पाहून जीव हळहळतो. या देवळाचं निम्म्याहून जास्त वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे. आतलं जे काही आहे, तेही बाहेरून सावकाश फिरून आल्यावरच नीट उमगतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा क्रम सांगतो आहे. शिल्पशास्त्राची परिभाषा ठाऊक नसली तरी अडणार नाही. आधी बाहेर आणि मग आत, आधी खाली आणि मग वर, एवढं धरून चाला. देऊळ बांधणाऱ्यांनीही ते खालून वरच रचलं.

पायरी १: दिवस आणि वेळ

खिद्रापूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं अगदी कडेचं गाव. गावाला लागून कृष्णा वाहते आणि पलीकडे कर्नाटक सुरू होतं. नदी इतकी जवळ असल्यामुळे पावसाळ्याचा विचार आधी करावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. जुलै-ऑगस्टमध्ये धरणांतून विसर्ग सुरू असेल तर निघण्याआधी रस्ते चालू आहेत का, याची चौकशी करा. पूर पाहायला म्हणून तर मुळीच जाऊ नका. गावकरी तेव्हा जनावरं आणि संसार हलवण्यात गुंतलेले असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. हवा बरी असते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. देवळाचं तोंड पूर्वेला आहे. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ दिवसभर तिरपं ऊन खेळतं आणि कोरीव काम उठून दिसतं. उत्तरेची भिंत याच दिवसांत सावलीत राहते. तिच्यावरचे बारकावे पाहायला डोळे थोडे सरावू द्यावे लागतात, पण रंग आणि आकार सावलीतही छान कळतात. सकाळी आठच्या आसपास पोचलात तर घाई न करता सगळं होतं. भर दुपार शक्यतो टाळा. अनवाणी फिरायचं असतं आणि तापलेली फरशी पायांना सोसत नाही. वयस्क माणसं बरोबर असतील तर जाड मोजे घेऊन जा.

महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि त्रिपुरी पौर्णिमा या दिवशी गर्दी असते. भक्तिभावाने जाणाऱ्यांनी तेव्हा अवश्य जावं. शिल्पं निवांत पाहायची असतील तर मात्र साधा कामाचा वार निवडा.

पायरी २: पोचायचं कसं

कोल्हापूरहून अंतर साधारण साठ किलोमीटर. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड अशी वाट धरायची. कुरुंदवाडच्या पुढे अकिवाट, सैनिक टाकळी या बाजूने रस्ता खिद्रापूरला जातो. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज जंक्शन किंवा जयसिंगपूर सोयीचं. कुरुंदवाडला एसटीचं आगार आहे आणि तिथून खिद्रापूरची गाडी मिळते. पण फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून चढतानाच वाहकाला परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. स्वतःचं वाहन असेल तर सगळ्यात उत्तम.

एक खबरदारी. हा सगळा उसाचा पट्टा आहे. गाळपाचा हंगाम हिवाळ्यातच असतो आणि अरुंद रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या असतात. मागे लाल दिवे असतीलच असं नाही. त्यामुळे अंधार पडायच्या आत कुरुंदवाडपर्यंत तरी परत या.

बरोबर पाण्याची बाटली, छोटी विजेरी आणि जमल्यास दुर्बीण असू द्या. दुर्बीण म्हटलं की लोकांना पक्षी आठवतात, पण छताजवळची आणि भिंतीच्या वरच्या थरातली शिल्पं पाहायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. जेवणाची सोय नृसिंहवाडीला किंवा कुरुंदवाडला करावी.

पायरी ३: एवढा इतिहास माहीत असू द्या

सगळ्या सनावळ्या पाठ करायची गरज नाही. तीन गोष्टी पुरतात.

पहिली म्हणजे हे देऊळ मुख्यतः बाराव्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळातलं. गंडरादित्य या शिलाहार राजाचं नाव त्याच्या उभारणीशी जोडलं जातं. दुसरी गोष्ट अशी की शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा देवगिरीच्या यादव सिंघणाने १२१२ च्या सुमारास पराभव केला. त्यानंतर लगेच, शके ११३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १२१३-१४ ला, याच सिंघणाचा एक शिलालेख या देवळात कोरला गेला. मिरज भागातलं गाव कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दान दिल्याची नोंद त्यात आहे. राज्य नवं, पण देव तोच आणि त्याची व्यवस्थाही चालू, हे नव्या राजाने दगडावर लिहून ठेवलं. दक्षिणेच्या दाराजवळचा तो देवनागरी लेख शोधून पाहा. देवळात कन्नड लेखही आहेत. कृष्णाकाठचा हा मुलूख मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांचा होता आणि आजही आहे.

तिसरी गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीची ऐकायला मिळते. 'हे हेमाडपंती देऊळ आहे' असं कुणी म्हणेल. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. सिंघणाने इथे लेख कोरवला तेव्हा हेमाद्रीच्या कारकिर्दीला सुरुवात व्हायला अजून काही दशकं बाकी होती. दगडावर दगड रचून, चुना न वापरता बांधलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. पण ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनमध्ये रुळलेली होती. कोपेश्वराच्या खांबांवर आणि भिंतींवर उत्तरकालीन चालुक्यांच्या शैलीची छाप स्पष्ट आहे.

आणखी एक मत कानावर ठेवा. चोळ राजा राजाधिराज आणि चालुक्य राजा सोमेश्वर यांच्यात १०५४ च्या सुमारास कोप्पम इथे घनघोर लढाई झाली आणि त्यात राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. ते कोप्पम म्हणजेच खिद्रापूर, असं काही इतिहासकार मानतात. इतर काही जण कोप्पम दुसरीकडे दाखवतात.

पायरी ४: बाहेरून फिरा, नजर खालून वर न्या

आता मुख्य काम. नगारखाना ओलांडून आवारात आलात की समोर स्वर्गमंडप दिसेल. मोह आवरा. डावीकडे वळा आणि दक्षिणेच्या बाजूने चालायला लागा.

मुख्य देवळाच्या जोत्यापाशी थांबा. इथे हत्तींची रांग आहे. हत्तींचे थर अनेक देवळांत असतात, पण तिथे ते पट्टीत कोरलेले असतात, एका बाजूने दिसणारे. इथले हत्ती भिंतीतून बाहेर आलेले, समोरून दिसणारे आहेत आणि त्यांच्या पाठीवर देवता बसल्या आहेत. नव्वदहून अधिक हत्ती मिळून सगळ्या देवळाचा भार पेलत आहेत, असं दृश्य कारागिरांनी उभं केलं आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. तरीही दोन हत्ती शेजारी शेजारी घेऊन निरखा. झूल, गळ्यातल्या घंटांच्या माळा, पायांची ठेवण यांत फरक सापडतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना 'सारखे दोन हत्ती शोधा' असं सांगा. अर्धा तास सहज जातो, आणि मुलांच्या नजरेला जे दिसतं ते मोठ्यांच्या हातून निसटलेलं असतं.

हत्तींवरून नजर वर न्या. भिंतीच्या उभ्या भागात, ज्याला जंघा म्हणतात, देवदेवता आणि सुरसुंदरी, म्हणजे स्वर्गीय स्त्रियांच्या मूर्ती, उभ्या आहेत. सगळ्यांची ओळख एका फेरीत पटणार नाही. सुरुवातीला हातातल्या वस्तू आणि पायाशी असलेला प्राणी एवढ्यावरच लक्ष ठेवा. सोंड दिसली की गणपती हे कुणालाही कळतं. पायाखाली रेडा असेल तर महिषासुरमर्दिनी. हाडांचा सापळा झालेली देवी असेल तर चामुंडा. अंगावर वस्त्र नसलेला, गळ्यात नरमुंडांची लांब माळ घातलेला, बाजूला कुत्रा असलेला तो भैरव. सुरसुंदरींचंही तसंच आहे. आरसा धरलेली दर्पणा, कडेवर मूल असलेली पुत्रवल्लभा, झाडाची फांदी वाकवणारी शालभंजिका अशी नावं जुन्या देवळांच्या अभ्यासात रूढ आहेत. एकदा खुणा कळल्या की महाराष्ट्रातलं कुठलंही देऊळ तुमच्याशी बोलायला लागतं.

आता चार पावलं मागे सरका आणि भिंतीचा आराखडा पाहा. भिंत सरळ जात नाही. ती कोनाकोनांत वळते, पुढे येते, पुन्हा आत जाते. गाभाऱ्याच्या बाहेरून पाहिलं तर हा आराखडा तारकाकृती आहे. यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम उन्हात कळतो. प्रत्येक कोनावर प्रकाश वेगळा पडतो. एक बाजू उजळते तेव्हा शेजारची सावलीत जाते, आणि भिंत प्रत्यक्षात आहे त्याहून उंच वाटते. सकाळी पाहिलेला दक्षिणेचा कोपरा निघताना पुन्हा एकदा पाहा. शिल्पं तीच असतात, पण काही नवी दिसतात.

दगडांचे सांधेही बघा. बारकाईने पाहिलं तर थर कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते कळतं. कधी कधी एकाच मूर्तीचं अंग दोन थरांत विभागलेलं सापडतं. दगड बसवून झाल्यावर जागेवरच कोरीव काम पुरं करत, याची ती खूण.

वर पाहिलंत तर शिखराचं काम खालच्या दगडी कामाशी जुळत नाही हे ध्यानात येईल. ते उत्तरकाळात झालेलं काम आहे. मूळ देवळाचा अंदाज घ्यायचा असेल तर डोळ्यांनी तेवढा भाग बाजूला ठेवा.

फेरी पूर्ण करताना एक रिवाज लक्षात असू द्या. शिवमंदिरात अभिषेकाचं पाणी उत्तरेकडे बाहेर पडतं आणि ते ओलांडायचं नसतं, म्हणून पाळणारी मंडळी तिथपर्यंत जाऊन आल्या वाटेने परततात. तुम्ही पाळत असाल तर दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत आधी पाहून मागे फिरा, उत्तरेची नंतर दुसऱ्या बाजूने जाऊन बघा. काहीच चुकत नाही.

पायरी ५: आता स्वर्गमंडप

एवढं फिरून आल्यावर स्वर्गमंडपात पाऊल टाका. एकूण अठ्ठेचाळीस खांब. त्यांतले बारा मधल्या वर्तुळात. त्यांच्यावर छत येतं आणि मधोमध थांबतं. तिथे सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल आकाश आहे. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच मापाची रंगशिला, म्हणजे जमिनीवरची गोल शिळा आहे.

आधी खांबांकडे लक्ष द्या. एकच खांब निवडा आणि पायथ्यापासून वर जा. तळखडा, चौकोनी भाग, मग अष्टकोन, मग गोल कातीव भाग, पुन्हा आकार बदलत वरचा आधाराचा हस्त आणि त्यावर आडवी तुळई. गोल भाग इतका गुळगुळीत की कातावर फिरवल्यासारखा. काही खांबांवरच्या छोट्या चौकटींत पंचतंत्रातल्या गोष्टी कोरल्या आहेत. काठीला तोंडाने धरून उडणाऱ्या कासवाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती दगडात शोधून पाहा.

इतके खांब कशाला, हा प्रश्न मनात येतोच. दगड दाबाला फार बळकट असतो, पण आडवा टाकला आणि मधोमध भार आला की तडकतो. म्हणून दगडी तुळई लांब ठेवता येत नाही, आणि म्हणून खांब जवळ जवळ उभे करावे लागतात. मोठं अंतर झाकायचं असेल तर कारागीर दुसरी युक्ती करत. गोलाकार थर रचायचा, वरचा थर खालच्यापेक्षा थोडा आत घ्यायचा, त्याच्यावरचा अजून थोडा आत. वर्तुळातले दगड एकमेकांना दाबून धरतात आणि कुणीच आत पडत नाही. बहुतेक देवळांत हे थर लहान होत होत वर एका शिळेने बंद होतात आणि तिथून दगडी कमळ खाली लोंबतं. स्वर्गमंडपात ते बंद होत नाहीत. आठनऊ शतकं झाली, इतके पूर आले, तरी ते कडं जागेवर आहे. ते पाहताना माझं मन दर वेळी भरून येतं.

छत उघडं का, यावर दोन मतं आहेत. एक मत असं की काम अपुरं राहिलं. दुसरं असं की ते मुद्दाम उघडं ठेवलं, यज्ञाचा धूर बाहेर जावा म्हणून. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. खालची रंगशिला आणि वरचं वर्तुळ यांचा मेळ इतका नेमका आहे की तो योगायोग वाटत नाही.

त्या वर्तुळाच्या कडेला आतल्या बाजूने अष्टदिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे राखणदार देव, कोरले आहेत, आपापल्या वाहनावर, सपत्नीक. इथे उभं राहून दिशा ओळखायचा सराव करा. हत्तीवरचा इंद्र म्हणजे पूर्व. तिथून उजवीकडे फिरत गेलात की मेंढ्यावरचा अग्नी, रेड्यावरचा यम, मग निर्ऋती, मकरावरचा वरुण, हरणावरचा वायू, कुबेर, आणि शेवटी नंदीवरचा ईशान. रेडा आणि हत्ती सापडले की बाकीचे आपोआप जागेवर येतात. दुर्बीण इथे कामाला येते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या वर्तुळाच्या बरोबर वर येतो, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यामागचं कारण फार सुंदर आहे. खिद्रापूरचं अक्षांश साधारण १६.७ अंश उत्तर. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तितकाच किंवा थोडा जास्त गेलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो, म्हणजे तो तितकाच उत्तरेला येतो. त्यामुळे मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर असतो. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी पाच अंशांनी कललेली असल्यामुळे काही वर्षी तो अगदी मधोमध येतो, काही वर्षी थोडा बाजूला. पंचांग जाणणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं आकाश पाहिल्याशिवाय हे सुचणार नाही.

रात्री जाणं जमलं नाही तर दिवसाचा खेळ पाहा. छतातून येणाऱ्या उन्हाचं वर्तुळ सकाळी पश्चिमेकडे पडतं, दुपारनंतर पूर्वेकडे सरकतं, आणि हिवाळ्यात दिवसभर उत्तरेच्या अंगाला राहतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर असतो आणि प्रकाशाचं वर्तुळ रंगशिलेवर येऊन बसतं. उन्हाचा त्रास सोसण्याची तयारी असेल तर हा दिवस त्रिपुरी पौर्णिमेइतकाच मोलाचा आहे, आणि गर्दीही नसते.

फोटोसाठी रंगशिलेवर आडवं पडणाऱ्यांना एक विनंती. हे पूजेचं स्थान आहे. बाजूला बसूनही वरचं सगळं वर्तुळ दिसतं, आणि मोबाइल पुढचा कॅमेरा वर करून जमिनीवर नुसता ठेवला तरी उत्तम फोटो येतो.

पायरी ६: सभामंडप

स्वर्गमंडपातून आत गेलात की एकदम अंधार होतो. दोन-तीन मिनिटं काही न करता उभे राहा. डोळे सरावले की खांब एकेक करून पुढे येतात. उघड्या आकाशाखालून निघून टप्प्याटप्प्याने अंधारात, गाभाऱ्याच्या समईपर्यंत नेणारी ही रचना आहे. विजेरी लगेच लावलीत तर ती अनुभवायला मिळत नाही.

मग हवी तर विजेरी काढा. ती शिल्पावर समोरून धरू नका. बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर धरली की उठाव दिसतो. शिलालेख पाहायलाही हीच रीत, झिजलेली अक्षरंसुद्धा डोळ्यांना लागतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा भस्म चोळू नका. दगडाच्या छिद्रांत ते कायमचं बसतं.

इथले खांबही कातीव आहेत आणि काहींची झिलई अजून टिकून आहे. एका खांबाजवळ जाऊन वाकून बघा, दाराचा उजेड त्यात उमटलेला दिसतो. दाराच्या चौकटीवर, म्हणजे द्वारशाखेवर, वेलबुट्टी आणि छोट्या आकृतींच्या उभ्या पट्ट्या आहेत. खालच्या बाजूला द्वारपाल. गाभाऱ्याकडे जाण्याची घाई असते म्हणून या चौकटी दुर्लक्षित राहतात, आणि खरं तर सगळ्यात नाजूक काम तिथेच असतं.

पायरी ७: गाभारा

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक कोपेश्वर, म्हणजे कोपलेला शिव. दुसरं धोपेश्वर, म्हणजे त्याचा कोप शांत करायला आलेला विष्णू. कथा दक्षयज्ञाची. सती माहेरी यज्ञाला गेली, अपमान सहन न होऊन तिने देहत्याग केला आणि शिव कोपला. त्याची समजूत घालून विष्णूने त्याला इथे आणलं, अशी श्रद्धा आहे. शिव आणि विष्णू यांची एकाच गाभाऱ्यात पूजा होते.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की समोर नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली म्हणून तो इथे नाही, असं गावकरी सांगतात. कर्नाटकातल्या यडूर गावी जो नंदी आहे, तोच कोपेश्वराचा, असं मानतात. ही कथा इथल्या एखाद्या आजोबांच्या तोंडून ऐका. वाचण्यात ती गंमत नाही.

पूजा चालू असेल तेव्हा बाजूला थांबा, गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. पिंडीवर वाहायचं असेल ते तिथेच वाहा. बाहेरच्या मूर्तींना तेल, कुंकू, हळद लावू नका. तेलावर धूळ बसते आणि दगडाचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो.

हे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली, नावं कोरली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. तिपाई लावून चित्रीकरण करायचं किंवा ड्रोन उडवायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते.

पायरी ८: बाहेर पडल्यावर

लगेच गाडीत बसू नका. गावातच आदिनाथांचं जुनं जैन मंदिर आहे, चालत जाण्याइतकं जवळ. कोपेश्वर पाहून झाल्यावर तिथले खांब पाहा. घडवण्याची रीत ओळखीची वाटेल. शिलाहारांच्या राज्यात शैव आणि जैन दोन्ही परंपरांना आश्रय होता आणि कारागिरांच्या हातांना दोन्हीकडे काम होतं.

तिथून नदीवर जा. काठावर उभं राहिलं की देऊळ इथेच का बांधलं असावं याची कल्पना येते. काळी जमीन, बारमाही पाणी आणि नदीच्या दोन्ही तीरांवरची वस्ती. पण पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. कृष्णेचं पात्र इथे खोल आहे आणि काठाची माती निसरडी.

पायरी ९: परतीला नृसिंहवाडी

वाटेत नरसोबाची वाडी लागते, तिथे थांबाच. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचं हे दत्तस्थान, नृसिंह सरस्वतींच्या पादुकांचं. खिद्रापूरच्या मानाने इथलं बांधकाम साधं आहे, शिल्पं शोधू नका. इथे पाहायचा तो घाट आणि नदीशी असलेलं देवळाचं नातं. पावसाळ्यात पाणी चढत देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा त्या प्रवाहात स्नान करायला भाविकांची रीघ लागते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पूजा तिथे सुरू राहते. पूर येणार हे गृहीत धरून आखलेला हा नित्यक्रम आहे.

घाटावर शेवाळ असतं, धरून उतरा. वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे. बर्फी घरी न्यायला चांगली, बासुंदी तिथेच खावी. संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबणार असाल तर मुक्कामाला वाडीतच भक्तनिवास आणि धर्मशाळा आहेत. शनिवार-रविवारी आणि पौर्णिमेला खोली मिळणं अवघड जातं, म्हणून खिद्रापूरला जाताना सकाळीच वाडीत खोलीची चौकशी करून ठेवा.